पावट्याला रात्र मोजता येते, पालिकेला नाही

जानेवारीत बंगळुरूच्या भाजीबाजारात सगळी गडबड अवरेकाईची असते. मागडी, कनकपुरा, कोलार, चिक्कबळ्ळापूरकडून शेंगांची पोती येतात, रस्त्याच्या कडेला ढीग लागतात, आणि व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीची परंपरा सांगणाऱ्या 'अवरेबेळे मेळ्या'त डोशापासून जिलेबीपर्यंत वाटेल त्यात हे दाणे घातले जातात. मराठी माणसाला ही शेंग परकी नाही. आपला पावटा आणि आपला वाल तिच्याच घरातले. वनस्पतिशास्त्र या सगळ्यांची नोंद एकाच जातीत करतं. त्याच थंडीत रायगडात, अलिबाग-पेणच्या शेतांवर, भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागते. ही शेंग हिवाळ्यातच का, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, थंडी लागते म्हणून. त्यात थोडं तथ्य आहे. पण पावट्याची खरी नजर पाऱ्यावर नसते, ती अंधारावर असते.

अवरेचं जुनं गावठी वाण दक्षिण कर्नाटकात पावसाळ्याच्या सुरुवातीला नाचणीच्या ओळींमधून पेरतात. पाऊस पडतो, नाचणी पोसते, अवरेचा वेल पसरत जातो. फुलाचं मात्र नाव नाही. नाचणी कापणीला येते, दिवस आखडू लागतात, आणि मग वेलावर तुरे दिसायला लागतात. रात्र पुरेशी लांबण्याची तो वाट पाहत होता. बंगळुरू विषुववृत्तापासून तेरा अंशांवर. इथला सर्वांत मोठा दिवस साधारण १२ तास ५० मिनिटांचा, सर्वांत लहान ११ तास २० मिनिटांचा. सहा महिन्यांत मिळून फरक दीड तासाचा, म्हणजे सरासरी रोज अर्ध्या मिनिटाचा. रोज ऑफिस गाठणाऱ्या माणसाच्या हे ध्यानीमनीही नसतं. पावट्याला कळतं, आणि त्याला ना डोळा, ना मेंदू, ना एकही नस.

ही हिशेबाची हुशारी माणसाच्या लक्षात यायला विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अलार्ड हे दोघे 'मेरीलँड मॅमथ' नावाच्या तंबाखूने जेरीस आले होते. ही तंबाखू उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावर वाढायची, पण शेतात फुलायची नाही आणि बी धरायची नाही. त्यांनी खत बदललं, पाणी बदललं, आणि शेवटी रोपं दुपारीच एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली. दिवस असा कृत्रिमपणे छाटल्यावर तंबाखू फुलली. हे त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केले. बांधावर माजणारं, कपड्यांना काटेरी फळं चिकटवणारं तेच तण. लांब रात्रीच्या मध्यावर फक्त एक मिनिट दिवा लावला तरी त्याचं फुलणं रद्द झालं. उलट, दिवसा मध्येच अंधार केला तर त्याला काही फरक पडला नाही. झाड दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं, हे तेव्हा पक्कं झालं.

मोजतं कोण? पान. पानात फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं. तांबडा प्रकाश पडला की त्याचं रूप पालटतं आणि अंधारात ते हळूहळू मूळ रूपात येतं. झाडाच्या आतल्या घड्याळाशी त्याचा मेळ बसला की रात्र लांब की आखूड हे ठरतं. पण फूल येतं शेंड्याला आणि मोजणी होते पानात, तर मधला निरोप कोण नेतो? सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३७ च्या सुमारास सांगितलं की पानातून शेंड्याकडे एक संप्रेरक जात असलं पाहिजे, आणि त्याला 'फ्लोरिजेन' असं नावही दिलं. नाव होतं, वस्तू हाती लागत नव्हती. स्टालिनचा लाडका लायसेन्को वनस्पतींतली संप्रेरकं वगैरे मानायला तयार नव्हता, त्यामुळे चैलाख्यान यांना मायदेशातच बराच जाच झाला. १९९१ मध्ये ते वारले. २००७ मध्ये जर्मनी आणि जपानमधल्या दोन गटांनी दाखवून दिलं की पानात तयार होणारं एक छोटं प्रथिन अन्नवाहिन्यांतून वाहत शेंड्यापर्यंत पोचतं आणि तिथल्या पेशींना पानाऐवजी फूल घडवायला लावतं. चैलाख्यान बरोबर होते. सत्तर वर्षं लागली.

नस आणि संप्रेरक यांतला भेद शाळेत पाठ करून घेतात, पण तो मनात ठसत नाही. नस म्हणजे एका माणसाच्या नावे चिठ्ठी देऊन पिटाळलेला जासूद. संप्रेरक म्हणजे गावभर दिलेली दवंडी, ज्याला कान असतील तो ऐकेल. प्राण्यांकडे दोन्ही सोयी आहेत. झाडांचा सगळा कारभार मुख्यतः दुसऱ्या सोयीवर चालतो. मुख्यतः म्हणायचं कारण लाजाळू. तिच्या पानाला बोट लावलं की विजेचा एक स्पंद देठातून धावतो आणि पानाच्या सांध्यातल्या पेशी पाणी सोडून ढिल्या पडतात. जगदीशचंद्र बोस यांनी याच लाजाळूवर अनेक वर्षं घालवली आणि झाडांतही विजेचे निरोप धावतात हे हट्टाने मांडलं. २०१८ मध्ये सुरवंटाने पान कुरतडताच ग्लुटामेट सुटून कॅल्शियमची लाट एका पानातून दुसऱ्या पानात पसरताना प्रत्यक्ष चित्रित झाली. ग्लुटामेट आपल्या मेंदूतही निरोप्याचं काम करतं, म्हणून काहींनी 'वनस्पतींचं मज्जाशास्त्र' हा जुना फलक पुन्हा वर काढला. त्याआधीच, २००७ मध्ये, ३६ शास्त्रज्ञांनी एकत्र सही करून या नावालाच हरकत घेतली होती. हरकत रास्त होती. झाडाला मेंदू चिकटवल्याशिवाय त्याचं कौतुक करता येत नाही, ही माणसाची अडचण आहे; झाडाची नव्हे.

पुन्हा पावट्याकडे. बंगळुरूतल्या हेब्बाळच्या कृषी विद्यापीठाने पावट्याचा हा रात्र मोजण्याचा गुणच काढून टाकलेली वाणं तयार केली. 'हेब्बाळ अवरे-३' आणि 'हेब्बाळ अवरे-४' कोणत्याही महिन्यात पेरली तरी ठरल्या दिवसांत फुलतात. वेलासारखी पसरत नाहीत, सुटसुटीत झुडूप धरतात. शेतकऱ्याला वर्षभर पीक मिळालं, बाजाराला वर्षभर शेंग मिळाली. तक्रार आली ती खवय्यांकडून. थंडीतल्या गावठी अवरेच्या सालीवर एक चिकट, तेलकट स्राव असतो, हाताला लागला की साबणानेही लवकर जात नाही, आणि सगळा वास त्यातच असतो. जुने बंगळुरूकर शेंग आधी नाकाला लावतात आणि मग भाव विचारतात. बारमाही शेंगेत तो वास उतरत नाही, असं ते ठासून सांगतात. त्यांचं ऐकावं, पण विद्यापीठाला दोष देऊ नये. विद्यापीठाने काय काढून टाकलं आणि बदल्यात काय मिळवलं, याचा जमाखर्च उघड आहे. शास्त्र असं चालायला हवं.

असाच उघड जमाखर्च शहराबाहेर रात्री दिसतो. चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला, आणि तमिळनाडूच्या हद्दीत होसूरच्या पट्ट्यातही, शेवंतीची शेतं मध्यरात्री दिव्यांच्या माळांनी उजळलेली असतात. नव्याने पाहणाऱ्याला तिथे लग्न आहे असं वाटावं. शेवंतीही पावट्यासारखीच, लांब रात्रीला फुलणारी. लहान रोपालाच फूल आलं तर दांडा आखूड राहतो आणि माल कवडीमोल होतो. म्हणून शेतकरी सुरुवातीचे काही आठवडे ऐन रात्रीत दिवे लावून तिची एक लांब रात्र दोन तुकड्यांत तोडतात. रोपाला वाटतं अजून उन्हाळाच आहे. ते वाढत राहतं. दांडा पुरेसा झाला की दिवे बंद, आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी फूल, तेही सणाचा बाजार साधून. उन्हाळ्यात फूल हवं असेल तर उलटा उपाय: पॉलिहाउसवर काळं कापड ओढून संध्याकाळ लवकर आणायची. फायटोक्रोम हे नाव यातल्या कितीजणांनी ऐकलंय, हा प्रश्न गौण आहे. दिवा ही झाडाला दिलेली आज्ञा आहे, आणि ती किती वाजता द्यायची, कधी थांबवायची, हे त्यांना पक्कं माहीत आहे. विजेचं बिल तेच भरतात, त्यामुळे एक रात्रही फुकट दिवा जळत नाही.

तिथून पाऊण-एक तासावर असलेल्या शहराला यातलं काहीही माहीत नसावं, असा त्याचा कारभार आहे.

बंगळुरूला दिव्यांचा अभिमान आहे, आणि तो साधार आहे. कावेरीवरच्या शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि ५ ऑगस्ट १९०५ रोजी आजच्या के. आर. मार्केटच्या परिसरात रस्त्यावर विजेचे दिवे लागले. भारतातल्या बहुतेक शहरांत तेव्हा रॉकेलचे कंदील होते. त्यानंतर तीन वर्षांत गुस्ताव्ह क्रुंबिगेल हे जर्मन बागतज्ज्ञ बडोद्याहून म्हैसूर संस्थानात आले. लालबागेचा कारभार पाहताना त्यांनी शहरभर अशी झाडं निवडली की एकाचा बहर ओसरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा. आज समाजमाध्यमांवर गुलाबी टॅबेब्युया आणि जांभळ्या जॅकरांडाचे जे फोटो फिरतात, त्यामागे ही दृष्टी आहे. दिवे आणि झाडं अशा दोन परंपरा या शहराने एकाच काळात, एकाच रस्त्यावर रुजवल्या. त्या एकमेकींच्या अंगावर येतील असं तेव्हा कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. गार्नर-अलार्डचा शोधच लागायचा होता.

नंतर मात्र इशारे मिळत गेले. १९३६ मध्ये एडविन मॅट्झके यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची झाडं पाहून लिहिलं की दिव्याच्या अगदी जवळच्या फांद्यांवरची पानं बाकीच्या झाडापेक्षा उशिरा गळतात. एकाच झाडाच्या एका अंगाला हिवाळा आणि दुसऱ्या अंगाला अजून शरद. अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यालगतच्या सोयाबीनवर दिव्यांचा परिणाम मोजला गेला: दिव्याखालचं सोयाबीन शेजारचं पीक वाळल्यावरही हिरवंच उभं राहतं आणि पक्व व्हायला उशीर लावतं. लातूर-वाशिमच्या शेतकऱ्याने आपल्या शेताकडेच्या हायमास्टकडे या नजरेने जरूर पाहावं.

इथे एक सावधगिरी हवी. बंगळुरूत टॅबेब्युया अवेळी फुलला की वर्तमानपत्रांत लगेच कारणं छापून येतात: हवामान बदल, प्रदूषण, दिवे, जे हाताशी असेल ते. टॅबेब्युयाच्या बहराचा संबंध मुख्यतः कोरड्या काळाशी आणि पानगळीशी आहे. त्यावरून दिव्यांना फाशी देणं घाईचं ठरेल. सगळीच झाडं पावट्यासारखी रात्रीच्या लांबीवर चालत नाहीत. विषुववृत्ताकडच्या कित्येक झाडांना ऊन, पाऊस आणि मुळाशी असलेली ओल यांचाच भरवसा. इथल्या रस्त्यांवरचे प्रचंड पर्जन्यवृक्ष रोज संध्याकाळी आणि ढगाळ दुपारीही पानं मिटतात, हे उघड्या डोळ्यांना दिसतं. दिव्याखालच्या फांदीवर ही पानं कशी वागतात, हे एखाद्या शाळेच्या मुलांनी वहीत टिपायला सुरुवात केली तरी उपयोगी माहिती जमेल. पण ज्या शहरात झाडाच्या खोडाला बुंध्यापासून फांद्यांपर्यंत एलईडीच्या माळा गुंडाळून हॉटेलं आपली शोभा वाढवतात, तिथे कुणी तरी आधी प्रश्न विचारायला हवा होता.

प्राण्यांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, कारण तिथे जासूद आणि दवंडी हातात हात घालून काम करतात. या विषयाचं भारतातलं माहेर बंगळुरूतच आहे. जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात एम. के. चंद्रशेखरन यांनी देहघड्याळांच्या अभ्यासाचं घराणं उभं केलं. आधी मदुराईला असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांवर एक सुरेख प्रयोग केला होता. गुहेच्या पूर्ण अंधारात पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळांचं वेळापत्रक बिघडत नाही; बाहेर ये-जा करणाऱ्या मोकळ्या भाईबंदांच्या हालचालीवरून ती आपलं घड्याळ लावून घेतात. मात्र ही संगत तोडली की प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या चालीने सरकत जातं. माणसांनाही त्यांनी दिवसरात्रीचा पत्ता लागू न देणाऱ्या खोलीत ठेवून पाहिलं होतं.

जक्कूरच्या प्रयोगशाळेतून १९९९ मध्ये आलेला एक शोध तर या सगळ्या चर्चेच्या मध्यभागी ठेवण्यासारखा आहे. केळ्यावर घोंघावणाऱ्या फळमाश्यांच्या एका कुळीला ६०० हून अधिक पिढ्या अखंड प्रकाशात वाढवलं होतं. दिवस नाही, रात्र नाही, काही मोजण्यासारखं उरलंच नाही. निरुपयोगी गोष्ट पिढ्यांनुपिढ्या झिजत जाईल अशी अपेक्षा होती. शीबा, शर्मा, चंद्रशेखरन आणि जोशी या चौघांनी या माश्यांना अंधारात आणलं, आणि कोशातून बाहेर पडण्याची त्यांची दैनंदिन लय जशीच्या तशी उमटली. घड्याळ सहाशे पिढ्या आत टिकटिकत होतं. १९०५ पासून माणसाच्या जेमतेम पाच-सहा पिढ्या झाल्या आहेत. 'होईल हळूहळू सवय' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

माशीच्या मेंदूत हे घड्याळ सुमारे दीडशे चेतापेशींत वसलेलं असतं आणि त्यांतल्या काही पेशी एकमेकींना पीडीएफ नावाचा रेणू पाठवून वेळ जुळवतात. गंमत अशी की त्याच्याच कुळातला रेणू खेकड्या-कोळंबीत संप्रेरक म्हणून रक्तातून फिरतो आणि डोळ्यातले रंगकण पसरवतो. एकाकडे चिठ्ठी, दुसऱ्याकडे दवंडी. निसर्गाने पाठ्यपुस्तकातल्या दोन रकान्यांची फारशी पर्वा केलेली दिसत नाही.

माणसात हाच निरोप केवढा वळसा घेऊन जातो! डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांना चित्र दिसत नाही, फक्त उजेड आहे की नाही एवढंच कळतं, आणि निळसर उजेड त्यांना सर्वांत जास्त जाणवतो. तिथून नस जाते मेंदूच्या तळाशी असलेल्या हजारो पेशींच्या पुंजक्याकडे. तिथून निरोप खाली उतरतो, पाठीच्या कण्यात, तिथून मानेतल्या एका गाठीत, आणि तिथून परत वर, मेंदूच्या मधोमध बसलेल्या पिनिअल ग्रंथीपर्यंत. इथवर सगळा नसांचा कारभार. अंधार असेल तर पिनिअल ग्रंथी रक्तात मेलाटोनिन सोडते आणि ही 'रात्र झाली'ची खबर सगळ्या अवयवांना एकदम पोचते. डोळ्यावर प्रखर उजेड पडला की मेलाटोनिन आटतं, हे माणसांवर १९८० मध्येच दाखवलं गेलं. इलेक्ट्रॉनिक सिटी आणि व्हाइटफील्डमध्ये अमेरिकेच्या दिवसाशी जुळवून रात्री काम करणारे हजारो जण आहेत. पुण्या-नागपूरकडून, सांगली-कोल्हापूरकडून गेलेली मराठी मुलंमुली त्यांत भरपूर. त्यांच्या शरीरात ही खबर रोज उलटसुलट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं. कंपन्या कॅबची सोय करतात, रात्रीच्या जेवणाची करतात. कामाच्या पाळ्यांचं चक्र शरीराला झेपेल असं कसं आखावं, याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही.

दिवसाची लांबी ओळखायला पक्ष्यांना तर डोळ्यांचीही गरज नाही. त्यांच्या कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूच्या आतल्या पेशींना थेट कळतो. काळ्या डोक्याचे भारीट थंडीत आपल्या ज्वारीच्या शेतांवर थव्यांनी उतरतात. वसंतात दिवस वाढला की त्यांच्या अंगात संप्रेरकांची अशी चक्रं फिरतात की पक्षी चरबी साठवू लागतो, पिंजऱ्यात असला तर रात्रभर फडफडतो, आणि मोकळा असला तर पश्चिम आशियाकडे निघतो. भारतीय प्रयोगशाळांत या भारिटावर फार बारकाईने काम झालं आहे. आता जर्मनीतला एक आकडा पाहा. म्युनिकमधल्या कस्तुर पक्ष्यांना प्रयोगात रात्री फक्त ०.३ लक्स उजेड दिला गेला, पौर्णिमेच्या चांदण्याच्या आगेमागे. तेवढ्यानेही त्यांची प्रजननाची तयारी जवळजवळ महिनाभर आधी झाली. रस्त्याच्या दिव्याखाली याच्या कैक पट उजेड असतो. पिल्लं महिनाभर आधी जन्माला आली आणि त्यांना भरवायच्या अळ्या नेहमीच्याच वेळी आल्या, तर काय होईल हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर रात्री दिवे लावून पाहिले, तर फुलांवर येणारे रातकीटक ६२ टक्क्यांनी घटले आणि एका काटेरी रानफुलाची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली, दिवसा मधमाश्या मुबलक असूनही.

मग करायचं काय? जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने रस्त्यांवरचे जुने दिवे बदलून एलईडी लावण्याची योजना सुरू केली आणि देशभर एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. वीज वाचली, हे उघडच चांगलं झालं. पण बचत झाली म्हणून आणखी दिवे लागले, आणखी प्रखर लागले. 'निळसर पांढरा वाईट, पिवळसर चांगला' एवढंच सूत्र आता सांगितलं जातं, आणि माणसाच्या, पाखरांच्या डोळ्यांपुरतं ते बरोबर आहे. झाडांना ते लागू पडत नाही. फायटोक्रोम तांबड्या प्रकाशावर चालतं. शेवंतीवाले वर्षानुवर्षं साधे पिवळे बल्बच वापरत आले ते काही उगाच नव्हे. रंग बदलून कुणाची तरी सुटका होईल, सगळ्यांची नाही. सगळ्यांना उपयोगी पडतील अशा दोनच गोष्टी: दिव्याचं तोंड कुठे आहे आणि तो किती वाजेपर्यंत जळतो.

यावर पहिली हरकत सुरक्षिततेची येते, आणि तिला उडवून लावणारा माणूस रात्री साडेअकराला एकट्याने बसथांब्यावरून घरी चालत गेलेला नसतो. बाईला उजेड हवाच. पण तो फूटपाथवर हवा, चेहरा दिसेल इतका हवा. बंगळुरूतल्या असंख्य रस्त्यांवर दिव्याचा खांब फांद्यांच्या वर उभा आहे. सगळा उजेड झाडाच्या शेंड्यात आणि खाली फूटपाथवर काळोख. झाडालाही त्रास, बाईलाही. दिवा फांदीखाली आणला, वरून झाकला, तर दोघांचंही काम होतं, आणि मग फांद्या छाटण्याचं निमित्तही उरत नाही. या बाबतीत स्त्रियांची सुरक्षितता आणि पर्यावरण यांच्यात भांडण लावणं हा आळस आहे.

झाडांवरच्या माळांना तर एवढंही समर्थन नाही. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिकेतून आला, आणि २०२४ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या विभाग कार्यालयांना झाडांवरची रोषणाई उतरवायला सांगितलं. सणावारी ती पुन्हा चढते, हा भाग वेगळा. अंधार जपण्याचं सरकारी कामही आता आपल्याकडे होतं: जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. लडाखमधल्या हानले इथल्या राखीव अंधारक्षेत्राचं काम पाहणारी भारतीय खगोलभौतिकी संस्था बंगळुरूची, कोरमंगलात आहे. ताऱ्यांसाठी अंधार राखता येतो हे तिने करून दाखवलं. तिच्या फाटकाबाहेरचं आभाळ मात्र रात्रभर दुधाळ असतं.

सप्टेंबर २०२५ पासून बंगळुरूत एका महापालिकेच्या जागी पाच आल्या आहेत. दिव्यांच्या निविदा आता पाच ठिकाणी निघतील. त्या निविदांत वॅट, लुमेन, खांबाची उंची आणि हमीची वर्षं यांचे रकाने असतात. त्यांत आणखी दोन घालावेत: प्रकाश आडव्या रेषेच्या वर किती जातो, आणि मध्यरात्रीनंतर तो किती मंदावतो. झाडाच्या खोडाला वा फांदीला दिवा बांधायला सरसकट मनाई हवी, हॉटेलांना आणि पालिकेला सारखीच. आणि पाचांपैकी एका तरी पालिकेने एक प्रभाग घेऊन एक हिवाळा मोजणी करून पाहावी: दिव्याखालची आणि दिव्यापासून दूरची पानगळ, फुलोरा, पतंग, वटवाघळं. त्यासाठी बाहेरून सल्लागार आणायचं कारण नाही. पावट्याचं फुलणं ज्यांना कळतं ते हेब्बाळला आहेत, माशीचं घड्याळ ज्यांना कळतं ते जक्कूरला, अंधार कसा मोजावा हे ज्यांना कळतं ते कोरमंगलात. तिघांना एका टेबलाशी बसवायला पालिकेच्या विद्युत विभागाचं एक पत्र पुरेल.